अनुमोदनाचा उन्हाळा

टँकर गळत जातो तेव्हा त्याच्यामागे रस्त्यावर एक ओली रेघ उमटत जाते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती जाड असते, वळणावर तुटते, आणि पुढच्या चौकापर्यंत पोचायच्या आत उन्हानं पुसून टाकलेली असते. यंदा ती रेघ पुन्हा दिसू लागली आहे. घरांपुढे निळे ड्रम आले. गच्चीवरच्या टाकीवर काठी आपटून, आवाजावरून पाणी किती उरलंय हे ओळखणं सुरू झालं. बातम्यांत जायकवाडीच्या नावापुढे तो जुना शब्द परत आला: मृतसाठा. धरणातलं सगळं संपल्यावर तळाशी जे उरतं, ते.

परीक्षाही याच दिवसांत असतात. मी ज्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते, तिथल्या मुली पंख्याखालची बाकं आधी धरतात, वहीनं वारा घेतात आणि विचारतात, "मॅडम, लोकशाहीकरणावर मोठा प्रश्न येतो का?"

येतो. दर वर्षी येतो. मी फळ्यावर मुद्दे लिहायला वळते. खडूची धूळ, तापलेल्या खिडकीच्या लोखंडाचा वास, बाहेर मोटर लावून टाकी भरल्याचा आवाज. या वासानं कुणाला मामाच्या गावची सुट्टी आठवत असेल. मला एक माणूस आठवतो, आणि त्याचं काहीतरी वाईट व्हावं असं वाटतं.

तो माणूस म्हणजे आमचे सर. मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा ते राज्यशास्त्राचे विभागप्रमुख होते, आणि त्यांचा लाडका पेपर होता राष्ट्रं लोकशाही कशी होतात याचा तुलनात्मक अभ्यास. सर सुंदर शिकवत. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं सोपं होऊन बसेल. ते देशांबद्दल नातेवाइकांबद्दल बोलावं तसं बोलत. "स्पेनचं बघा. म्हातारा गेला, आणि घरच्यांनी भांडण न करता वाटणी करून घेतली. पोर्तुगालमध्ये शिपायांनीच आतून कडी काढली, लोकांनी त्यांच्या बंदुकांत फुलं खोचली. पोलंडवाले गोल टेबलाभोवती बसले, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं तरी बसले." आणि चिली. चिलीवर ते खास रंगत. तिथल्या लष्करशहानं लोकांनाच विचारलं, मी राहू का? हो की नाही? त्याला उत्तर ठाऊक होतं, निदान त्याला तसं वाटत होतं. मोजणी झाली आणि उत्तर निघालं: नाही. इथं सर थांबत, चष्मा काढत, आणि म्हणत, "सत्ताधाऱ्याची मोठी चूक कोणती? लोकांना न विचारणं नव्हे. विचारणं हा उपचार आहे असं समजणं."

मी हे सगळं इंग्रजीतून वाचलेलं होतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि इंग्रजीतला हुकूमशहा नेहमी गणवेशात, दूर कुठल्यातरी खंडात असायचा. सरांच्या मराठीतून तो जवळ आला. तो कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालू शकतो, पाठीवर हात ठेवून "चहा घेतला का बाळ?" असं विचारू शकतो, हे मला मराठीनं शिकवलं.

मंगल माझ्या शेजारी बसायची. पिशोर गावची. घरची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. दिवाळीनंतर वडील आणि भाऊ कळप घेऊन खाली उतरायचे ते पावसाच्या तोंडावर परत. ती वसतिगृहात राहायची. पहिल्या दिवशी ती माझ्या बाकावर बसली कारण बाकी सगळी बाकं भरली होती, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बोलत नायस का तुला येत नाय?" माझं नाव तिनं कधी घेतलं नाही. मला ती कॉन्व्हेंट म्हणायची.

"ए कॉन्व्हेंट, एकोणसत्तर म्हंजी किती?"

"सिक्स्टी... नाइन?"

"आगं, मला काय इचारायलीस? तू सांग ना!"

मी इंग्रजी पुस्तकातला उतारा वाचायचे, ती मान डोलवत ऐकायची, मग तिच्या शब्दांत परत सांगायची, आणि तिच्या सांगण्यात तो उतारा निम्मा व्हायचा आणि जास्त कळायचा. तिला शिकवायचं होतं. हाच विषय, अशाच वर्गात. "मला बी खडू धरायचाय," ती म्हणायची, आणि मधल्या सुट्टीत फळ्यासमोर उभी राहून सरांची नक्कल करायची, चष्मा काढण्यासकट. हुबेहूब. मागच्या बाकावरची पोरं टेबल बडवायची.

त्या वर्षी पाऊस आलाच नव्हता म्हटलं तरी चाललं असतं. शहर मात्र वाढत होतं. बीड बायपासच्या कडेनं नव्या इमारती उठत होत्या, त्यांची नावं हिरवळीची आणि नदीकाठाची, आणि प्रत्येकीच्या पायाशी बोअरचं यंत्र घरघरत असायचं. जमिनीतून ओला चिखल निघायचा, मग कोरडी पिठासारखी भुकटी, मग नुसताच आवाज. क्रांती चौकात सिग्नलला उभं राहिलं की पुढेमागे टँकरच. आमच्या घरी नळ आठवड्यातून एकदा यायचा आणि तो दिवस सणासारखा असायचा. बाबा कोर्टात उशिरा जायचे, आई पातेली, कळशा, अगदी चहाची भांडीसुद्धा भरून ठेवायची.

कॉलेजच्या मागे चिंचेच्या झाडाखाली मुलींचं वसतिगृह होतं. त्याची बोअर आटली. मग टँकर येऊ लागला, मुली बादल्यांची रांग लावू लागल्या. मंगल सांगायची, "केस धुवायचे का कपडे, ह्यावर रोज मतदान व्हतं आमचं." आणि एका दुपारी दारावर सूचना लागली: पाणीटंचाईमुळे मुलींचं वसतिगृह परीक्षा संपेपर्यंत बंद. बाहेरगावच्या मुलींनी घरी जावं आणि थेट पेपरला यावं. वसतिगृह समितीचे अध्यक्ष आमचे सरच होते. मुलांचं वसतिगृह चालू राहिलं. मुलींना पाणी जास्त लागतं, असं कारण सांगण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी मंगल वर्गात उभी राहिली.

"सर, आमाला कुणी इचारलं नाय."

सर हसले. "बाळ, विचारल्यानं पाणी येतं का?"

"पाणी येत नाय सर. पण आहे तेवढं कुणाला द्यायचं, ते तर इचारून ठरवता येतं."

सर फळ्याकडे वळले. त्यांनी दोन शब्द लिहिले, समृद्धी आणि लोकशाही, आणि मध्ये एक बाण काढला. "अभ्यासकांचा एक मोठा गट काय म्हणतो? आधी पोट, मग मत. गरिबीत लोकशाही तग धरत नाही. आपल्या वसतिगृहालाही तेच लागू. आधी टाकी भरू द्या, मग मतदान घेऊ." हशा झाला. हाच मुद्दा आदल्या आठवड्यात त्यांनी स्वतः खोडून काढला होता, आपल्याच देशाचं उदाहरण देऊन. गरीब होतो, निरक्षर होतो, तरी मत देत राहिलो. जगातले पंडित आपल्यासमोर चुकले, असं म्हणताना त्यांचा आवाज भरून आला होता. फळा तोच होता.

मी मंगलला म्हणाले, माझ्याकडे राहा. आईही तयार होती. तिनं मान हलवली. "माझी एकटीची सोय झाली की बाकीच्या पोरी काय म्हणतील? मंगल फुटली म्हणतील. फोडायचं आसंच आसतं, तूच वाचून दाखवलंस ना मला." बसस्थानकावर ती बादली पालथी घालून तिच्यावर बसली होती, मांडीवर पुस्तकांची पिशवी. बस लागली तेव्हा बादली उचलून म्हणाली, "ही घेऊन जाते. हिथं हिला तरी काय काम हाय?"

आणि त्याच उन्हाळ्यात, सुट्टी लागायच्या आधी, सरांचं राष्ट्रीय चर्चासत्र होतं. विषय अर्थातच लोकशाहीकरण. दिल्लीहून, पुण्याहून, हैदराबादहून पाहुणे येणार होते. अतिथिगृह वसतिगृहाच्या पलीकडेच. मी स्वागत समितीत होते, म्हणून तयारीच्या दिवसांत रोज दुपारी तिथं असायचे. टँकर यायचा. वसतिगृहाच्या कुलूपबंद फाटकापुढून जायचा, आणि अतिथिगृहाच्या टाकीपाशी थांबायचा. तोच टँकर, तोच ड्रायव्हर. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "ताई, खेप तीच हाय. उतरवायची जागा बदलली." म्हणजे पाणी होतं. फक्त मुली नव्हत्या, म्हणून ते मोकळं झालं होतं. मुली घरी का गेल्या हे मला त्या फाटकाशी उभं असताना कळलं.

आता अनुमोदनाबद्दल. माझ्या शाळेत हा प्रकार नव्हता. हेड गर्ल कोण हे सिस्टर ठरवायच्या, प्रार्थनेनंतर सांगायच्या, विषय संपला. कॉलेजात आले तेव्हा पहिल्या कार्यक्रमात मी चकित झाले. एक मुलगा माइकवर आला: "आजच्या कार्यक्रमाचं अध्यक्षस्थान अमुक सरांनी स्वीकारावं, अशी मी सूचना मांडतो." मग एक मुलगी उठली: "या सूचनेला माझं अनुमोदन आहे." टाळ्या. तोवर अमुक सरांचं नाव मागच्या बॅनरवर फुलाफुलांच्या अक्षरांत छापलेलं होतं, आणि ते स्वतः मधल्या मोठ्या खुर्चीत बसून घाम पुसत होते. कुणालाही यात काही गमतीचं वाटलं नाही. मी मंगलला विचारलं होतं, अनुमोदन नाही दिलं तर?

"मंग मांडववाला येतो आन् खुर्ची उचलून नेतो," ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली होती.

हळूहळू विभागाची कायमची अनुमोदक मीच झाले. एक वाक्य, मऊ आवाज, उच्चार स्वच्छ, आणि वाक्य संपलं की ही मुलगी खाली बसणार याची खात्री. सर एकदा माझ्यासमोरच म्हणाले, "अनुमोदनाला हिलाच ठेवा. जास्त बोलत नाही."

लाजाळू माणसाला आयत्या वेळी काही सुचत नाही. वाक्य डोक्यात घडवत, घासत, पुसत तो किती दिवस घालवतो हे बोलक्या माणसांना कळणार नाही. टँकर बघितल्यापासून मी एक वाक्य घडवत होते. आंघोळीच्या अर्ध्या बादलीपाशी, रिक्षात, रांगेत. त्यात फार काही नव्हतं. जुन्या वाक्यात फक्त एक शब्द बदलायचा होता.

चर्चासत्राच्या सकाळी मंगल पहिल्या एसटीनं आली. हजेरीला अंतर्गत गुण होते, त्यामुळे गावोगावच्या मुली आल्या होत्या. अतिथिगृहाच्या बागेतल्या नळावर त्यांनी तोंड धुवायला घेतलं तर रखवालदारानं हाकललं. त्या तशाच धुळीच्या चेहऱ्यांनी येऊन मागच्या रांगेत बसल्या. मंचावर प्रत्येक पाहुण्यापुढे पाण्याची छोटी बाटली, शिवाय एक राखीव. हॉलभर कूलरचा ओला, गवताचा वास. मी आईची साडी नेसले होते, निऱ्या सुटतील या भीतीनं पोटाशी हात धरून.

माझ्या वर्गातल्या एका मुलानं सूचना मांडली. आमच्या सरांनी अध्यक्षस्थान स्वीकारावं. माइक माझ्या हातात आला. तो कुणाच्या तरी घामानं ओला होता.

"या सूचनेला माझं अनुमोदन नाही," मी म्हणाले.

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला, कारण साउंडवाल्या शफीकभाईंनी माझ्या मऊ बोलण्याचा अंदाज धरून माइक वाढवून ठेवला होता. मग दुसरं वाक्य: "वसतिगृहाचं पाणी अतिथिगृहाकडे वळवताना आम्हाला कोणी विचारलं नाही, म्हणून." आणि मी खाली बसले.

कूलर तेवढे चालू राहिले. मंचावर कुणीतरी बाटलीचं झाकण फिरवत होतं, ते थांबलं.

सर उठले. त्यांनी टाळ्या वाजवल्या! मोठ्यानं, हात उंच धरून. "वा! मित्रहो, रुजलेली लोकशाही म्हणतात ती हीच. माझ्याच विभागात, माझ्याच विद्यार्थिनीनं मला नाकारलं. मला अभिमान वाटतो हिचा!" सभागृहानं टाळ्या वाजवल्या. पाहुणे कौतुकानं माझ्याकडे बघू लागले. मी इतके दिवस घासून धारदार केलेलं वाक्य त्यांनी हार समजून गळ्यात घालून घेतलं होतं. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, मुरलेली सत्ता विरोध दडपत नाही, त्याला सत्काराला बोलावते. पण वाचणं वेगळं आणि समोर टाळ्या पडताना बसून राहणं वेगळं.

मग त्यांनी ती चूक केली. चिलीवर दर वर्षी तास रंगवणाऱ्या माणसानं. हसत हसत सभागृहाकडे हात केला आणि म्हणाले, "चला, आता दुसरं कोणी अनुमोदन द्या बघू."

कुणी उठलं नाही.

ठरलेलं काहीच नव्हतं. सूचना मांडणारा मुलगा स्वतःच्या बुटांकडे बघत होता. पहिल्या रांगेतली, एरवी सरांची पिशवी धरणारी मुलं फाइलीत काहीतरी शोधत होती. सरांचं हसू चेहऱ्यावर तसंच होतं, पण त्याच्या मागचा माणूस निघून गेला होता. मी त्यांच्याकडे टक लावून बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाकडे इतका वेळ नजर न काढता बघितलं, आणि मला फार बरं वाटलं. तहान लागल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं.

शेवटी कोपऱ्यातून शफीकभाईंचा आवाज आला. "सर, मैं दे देऊँ क्या अनुमोदन? जनरेटर का डीजल जलरा फोकट में!"

सगळं सभागृह फुटलं. पाहुणे हसले, शिपाई हसले, फोटोग्राफर हसता हसता भिंतीला टेकला. आधी सरांसाठी टाळ्या होत्या. हे हसू सरांवर होतं, आणि दोन्हींतला फरक त्यांना बरोबर कळला. त्या हशात मागून मंगल ओरडली, "शफीकभाईनं तरी इचारलं, सर! तुमी आमाला कवा इचारणार?"

सर अनुमोदनाशिवायच खुर्चीत बसले. बीजभाषण झालं. हैदराबादच्या एक वयस्क प्राध्यापक चहाच्या वेळी मला म्हणाल्या, "हॉस्टेल किधर है, दिखाओ." मी त्यांना फाटकापाशी नेलं. त्यांनी कुलूप हातात धरून बघितलं, फाटकाच्या गजांतून आत पाहिलं, आणि परत जाऊन आपल्या ताटलीतलं काहीच खाल्लं नाही.

पण कुलूप निघालं नाही. पुढच्या दिवशी पाहुण्यांना वेरूळला नेलं, तर बसमध्ये सर कालचा किस्सा रंगवून सांगत होते, शफीकभाई वगळून. कैलास लेण्यासमोर हात पसरून म्हणाले, "हे वरून खाली खोदलंय, कळसापासून पायापर्यंत. लोकशाहीसुद्धा अशीच वरून खाली येते." पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी हे फोनवर मंगलला सांगितलं. ती म्हणाली, "व्हय का? मंग खाली हुबे राहणाराच्या डोक्यात खपल्या पडत असतील की!"

खपली पडली ती परीक्षेत. वसतिगृह बंदच, त्यामुळे मंगल पिशोरहून रोज एसटीनं यायची. तुलनात्मक राजकारणाच्या पेपरला तिची बस फुलंब्रीच्या अलीकडे तापून बंद पडली. ती दुधाच्या गाडीतून आली, दारात उभी राहिली तेव्हा ओढणीला दुधाचे डाग होते आणि श्वास लागलेला. वेळ टळून गेली होती. फार नाही. दारात सर होते.

"नियम सगळ्यांना सारखे," सर म्हणाले.

आदल्याच पेपरला एका मुलाला, टँकरमुळे चौक तुंबला म्हणून, त्यांनी याहून उशिरा आत घेतलं होतं. त्याला प्यायला पाणीही दिलं होतं.

मी उठले. "सर, तिला घ्या. काल घेतलंत." पहिल्या वेळी माइक होता, या वेळी नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"आपण आपला पेपर लिहा, नाहीतर तोही काढून घेईन."

मंगलनं दारातून माझ्याकडे बघून हात हलवला. "लिही गं तू." मग ती सरांकडे वळली, आणि मला वाटलं ती काहीतरी जबरदस्त बोलेल. ती फक्त म्हणाली, "सर, मला हाच इषय शिकवायचा व्हता." सरांनी दार लावून घेतलं.

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. नाकारलं मी आणि शिक्षा तिला, असं का? माझे बाबा वकील. सकाळी फिरायला सर आणि बाबा एकाच मैदानावर. पिढ्यान्‌पिढ्या कचेरीत कागद सांभाळलेली आमची आडनावं एकाच पंगतीतली. माझं काही केलं असतं तर चार लोकांनी विचारलं असतं. मंगलचं केलं तर विचारणारे मेंढरांमागे घोडेगावच्या पलीकडे कुठल्यातरी रानात होते. देशोदेशी हे असंच असतं. उठाव करतो एक, आणि रणगाडे जातात ते जिथं फोटो काढणारे पोचत नाहीत त्या वस्तीत. सरांनीच शिकवलं होतं.

तिचं वर्ष गेलं. मग घरचं लग्नाचं बोलणं, मग आईचं आजारपण, मग दुसरा दुष्काळ. एम.ए. तिनं नंतर बाहेरून पुरं केलं, पण त्यानं वर्गात शिकवायचं दार उघडलं नाही. ती आता वाळूजला एका कंपनीत आहे, कामगारांच्या हजेऱ्या आणि रजा बघते. खडू मी धरते.

या पेपरात शेवटचं प्रकरण असतं ते जुन्या राज्यकर्त्यांचं काय करायचं याचं. अर्जेंटिनानं सेनापतींना कोर्टात उभं केलं. स्पेननं ठरवलं, विसरू या. दक्षिण आफ्रिकेनं म्हटलं, जे केलं ते सगळ्यांसमोर येऊन सांगा, मग क्षमेचा विचार करू. सरांचा कल विसरण्याकडे. "सूड हा कोवळ्या लोकशाहीचा शत्रू," ते सांगायचे, आणि मीही वर्गात तेच सांगते, कारण उत्तरपत्रिकेत तेच अपेक्षित आहे. जाणाऱ्याला सुखरूप जाण्याची हमी दिली नाही तर तो जातच नाही, हे खरंही असेल. पण मागच्या आठवड्यात एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, पण तो सुखानं गेला, पेन्शन घेतली, तर ज्यांचं गेलं त्यांचं काय?" मी तिला बसायला सांगितलं नाही. म्हटलं, आणखी विचार.

कारण मी मोठ्या मनाची नाही. बीड बायपासकडे ज्या नव्या सोसायटीत सरांनी निवृत्तीनंतर फ्लॅट घेतला, तिथं यंदा बोअर आटली असं ऐकलं तेव्हा मी दिवसभर आनंदात होते. ते जिन्यावरून कॅन उचलत असतील असं चित्र मी मनात पुन्हा पुन्हा रंगवलं. मंगलला सांगितलं तर ती वैतागली.

"तू आजून तेच धरून बसलीस व्हय? मी तर म्हाताऱ्याला इसरले बी."

"म्हणजे माफ केलंस?"

"इसरले म्हनलं. माफी वायली. ती मागावी लागती, बाई."

परवा सरांचाच फोन आला. आवाज तोच, भरदार, मायेचा. त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त विद्यार्थी गौरव अंक काढत आहेत. माझा लेख हवाच. "अगदी ललित अंगानं लिहा. त्या दुष्काळाच्या वर्षाबद्दल लिहा. केवढ्या टंचाईत आपण ते चर्चासत्र उभं केलं! आणि तुम्ही मला अनुमोदन नाकारलंत, आणि मी टाळ्या वाजवल्या. मी सगळीकडे सांगतो तो किस्सा. गुरू कसा असावा याचं उदाहरण म्हणून लोक तो मला परत सांगतात आता."

मी गप्प होते. त्यांना माझ्या गप्प बसण्याची सवय आहे. त्याचा अर्थ होकार असतो असं त्यांनी केव्हाच ठरवलेलं आहे. खिडकीतून खाली एक बाई टँकरच्या नळीखाली कळशी धरून उभी होती, नळी हलली की सांडू नये म्हणून कमरेतून वाकून.

"बरं, तुमच्या बॅचचं आणखी कुणी सुचवा," सर म्हणाले. "चांगलं लिहिणारं."

"मंगल," मी म्हणाले.

पलीकडे थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज.

"कोण मंगल?"

"लिहून पाठवते, सर."